बाराव्या रेघेचा मान

"आक्का, आज तो म्हातारा हसला बघ!"

पद्मजा दारातूनच ओरडली. नाक थंडीनं लाल झालेलं, काखेत चित्रांची वही, बुटांना घाटावरचा चिखल. मी पोळ्या लाटत होते.

"कुठला म्हातारा?" कुठला ते मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"तोच की, होडीवाला. लुसियाँ. मी त्याची होडी काढत बसले होते, तर मागं येऊन उभारला. बराच वेळ बघितलं. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि होडीचं मागचं टोक नीट करून दिलं. चुकलंच होतं ग माझं. आणि हसला! हे बघ, जाताना काय दिलं."

तिनं कोटाच्या खिशातून मूठभर अक्रोड काढून माझ्या पिठाच्या ताटाशेजारी ठेवले. माझी तव्यावरची पोळी करपली.

गोष्ट पंच्याण्णव सालच्या जानेवारीतली. फ्रान्समधल्या ऑब्रेल नावाच्या गावात आम्ही चार वर्षं राहत होतो. हे, म्हणजे माझे यजमान अभिनंदन, बारा किलोमीटरवरच्या शहरात पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर होते. शहरात भाडी परवडेनात, म्हणून आम्ही या तीनशे वस्तीच्या गावात घर घेतलं. पद्मजा माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मिरजेच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका. साठवलेली रजा घेऊन दीड महिन्यासाठी माझ्याकडे आली होती. मीच बोलावलं होतं तिला. ये ये म्हणून चार पत्रं लिहिली होती.

आणि लुसियाँ मारो हा माणूस हसतो, ही बातमी मला चार वर्षांत पहिल्यांदा कळत होती.

मी सांगलीची. लग्नाआधी शाळेत भूगोल शिकवायची. सांगलीच्या माणसाला नदी दिसली की तो आधी पाणी कुठपर्यंत चढतं ते विचारतो, मग बाकीचं. ऑब्रेलला आल्या आल्या मी तेच विचारलं होतं. तिथली सेर्ल नदी म्हणजे आमच्या कृष्णेपुढं ओढाच, पण पांढऱ्या खडूच्या कड्याला अडून ती तिथं एकदम काटकोनात वळते आणि त्या वळणात गाव बसलेलं आहे. कड्याच्या पोटात अर्धी कोरलेली घरं ती वरची आळी. घाटाला लागून नावाड्यांची घरं ती खालची आळी. आमचं घर खालच्या आळीत. एके काळी इथून दारूची पिंपं आणि छपराच्या पाट्या भरून होड्या मोठ्या नदीला जायच्या. मग पलीकडच्या काठानं रेल्वे आली आणि वीस वर्षांत होड्या संपल्या. घाटाला होड्या बांधायच्या लोखंडी कड्या अजून आहेत, त्यांना आता कुणी काही बांधत नाही. एकट्या लुसियाँची होडी सोडून.

हे सगळं मी गोळा केलं होतं. गावच्या कचेरीतले जुने कागद वाचून, चर्चच्या नोंदी उतरवून, माझ्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये चार वह्या भरल्या होत्या. ऑब्रेलचा भूगोल आणि इतिहास. कचेरीतली जेनीन म्हणाली होती की पूर्ण झालं की गाव ते छापेल. ही जेनीन पन्नाशीची, कचेरीचे कागदही सांभाळायची आणि गावजेवणाचा स्वयंपाकही. छापेल म्हटल्यावर मी रात्रंदिवस त्याच नादात. कारण दुसरं मला होतंच काय तिथं? सकाळी पाव आणायला गेलं की 'बोंझूर मादाम', पाव घेतला की 'ओर्व्हार मादाम'. मला त्या गावचं व्हायचं होतं. लाज वाटावी इतकं व्हायचं होतं.

माझ्या वह्यांत एकच भोक होतं. घाटावर धुणी धुवायची जुनी दगडी पडवी आहे. तिच्या भिंतीवर महापुराच्या अकरा रेघा कोरलेल्या आहेत, खालीवर, प्रत्येकीशेजारी साल आणि एक नाव. पेरो, १८४६. दूशेन, १८५६. अशी अकरा. शेवटची रेघ चाळीस वर्षांपूर्वीची. पुराचं पाणी चढायचं थांबलं की त्या क्षणी एक माणूस होडीतून जाऊन पाण्याच्या काठाशी छिन्नीनं रेघ मारतो, आणि मग गवंडी तिच्याशेजारी त्याचं नाव कोरतो. ही होडी न्यायची ती लुसियाँच्या घराण्यानं. एवढं मला कळलं होतं. पुढचं मला कुणी सांगायची गरजच वाटली नाही. हा मान! आमच्या गावच्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, पहिल्या कलशाचा मान कुणाचा, यावरून माझे दोन सख्खे चुलते वीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मान म्हणजे काय ते मला शिकवायला नको. मी जेनीनला विचारलं होतं, "ही मोठी माणसं होती ना?" ती म्हणाली होती, "हो तर, गावानं त्यांचा फार आदर केला." झालं. मी चौथ्या वहीत प्रकरण लिहिलं, 'ऑब्रेलची मानाची घराणी'. ही आडनावं चर्चच्या नोंदींत कुठंच सापडत नव्हती, तेव्हा 'कालांतराने ही घराणी निर्वंश झाली असावीत' असंही लिहून टाकलं.

आणि मनात धरून ठेवलं की पुढचा पूर येईल तेव्हा बारावं नाव आमचं, चौगुले असेल.

त्यासाठी लुसियाँ हवा होता. सत्तरीचा, वाळका, कानाच्या वर टोपी चढवलेला. वही घेऊन मी त्याच्याकडे गेले की तो जाळ्याची गाठ बघत बसायचा. "ते मला आठवत नाही, मादाम." एवढंच. चार वर्षं.

पद्मजाला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या आठवड्यात अक्रोड. दुसऱ्या आठवड्यात त्यानं तिला होडीत बसवून वळणापर्यंत नेऊन आणलं. पाववाल्यानं तिला कढत बन फुकट दिला. जेनीननं घरी नेऊन सफरचंदाचा गोड पदार्थ शिकवला, खाणाखुणांनी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लहानपणी मावशीच्या घरी हेच व्हायचं. पेटी मी शिकायची आणि पाहुण्यांपुढं गायला हिला बसवायचे.

एकदा मी तिच्याबरोबर घाटावर गेले. म्हटलं, हिच्या निमित्तानं तो बोलतोय तर बोलून घ्यावं. तो तिला चिखलात काडीनं नदीचा जुना प्रवाह काढून दाखवत होता. मी वही उघडली आणि विचारलं, "हा प्रवाह कोणत्या साली बदलला?" त्यानं काडी पाण्यात टाकली आणि टोपी सारखी केली.

"आक्का, तू वही का काढलीस?" परत येताना पद्मजा म्हणाली.

"मग काय चित्र काढू?"

"तसं नव्हे ग. छान सांगत होता."

"तुला काय कळत होतं तो काय सांगतोय ते?"

"कळत नव्हतं. पण सांगत होता की."

रात्री मी ह्यांच्याकडे तणतणले, तर हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तू परीक्षा घेतेस त्यांची. ती नुसती बसते." दोन दिवस मी ह्यांच्याशीही बोलले नाही.

आणि मग पाणी आलं. वरच्या अंगाला चार दिवस पाऊस लागला होता, पाचव्या दिवशी नदी घाटाच्या पायऱ्या चढली. आमच्या तळघरात गुडघाभर पाणी झालं. आम्ही तिघांनी बटाट्यांची पोती, ह्यांची सायकल, माझ्या लग्नातली ट्रंक असं सगळं वर ओढलं. खालच्या आळीत प्रत्येक दारात हेच चाललं होतं. मी कंबर धरून उभी होते आणि मनातून, खरं सांगते, आनंदानं नाचत होते. चाळीस वर्षांनी पूर आला होता आणि मी गावात होते.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला दार वाजलं. लुसियाँ. रबरी बूट मांड्यांपर्यंत, टोपी हातात.

"तळघरात किती आहे, मादाम?"

"गुडघाभर. काल रात्रीपासून वाढलं नाही."

"हो. थांबतंय. तासाभरात पूर्ण थांबेल." तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. पद्मजा चुलीपाशी ओले मोजे वाळवत बसली होती. "मी तुमच्या बहिणीकडे आलोय. तिला विचाराल का? आजची रेघ तिनं मारावी अशी माझी इच्छा आहे."

मला वाटलं मी चुकून ऐकलं. मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, सावकाश, माझ्या फ्रेंचची कीव करत सांगावं तसं.

"काय म्हणतोय ग?" आतून पद्मजा.

मी वळले. माझ्या तोंडून जे निघालं ते मी तीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

"पूर बघायला होडीतून नेतो म्हणतोय. पाण्याला ओढ भयंकर आहे. मागच्या पुरात होडी उलटली होती म्हणे."

"नको ग बाई!" ती दोन्ही हात हलवत म्हणाली. "मला पोहता येत नाही. सांग त्याला, काठावरनं बघते."

हात हलवलेले त्यालाही दिसले. मला जास्त खोटं बोलावंही लागलं नाही.

"ती नाही म्हणते. घाबरते."

त्याचा चेहरा पडला. "मग कठीण आहे. आज गावात दुसरं कुणीच नाही. रस्ता बंद आहे."

"मी मारते."

"तुम्ही?"

"का? मी नको?" माझा आवाज चढला. "चार वर्षं मी या भिंतीबद्दल लिहितेय. तिला येऊन पाच आठवडे झालेत. हक्क कुणाचा आहे, सांगा बरं?"

त्यानं माझ्याकडे रोखून बघितलं. त्याच्या त्या बघण्याचा मला इतका राग आला, की मी तेव्हाच कोट अंगात चढवला.

"तुम्हाला नक्की असंच वाटतं, मादाम चौगुले? एकदा रेघ मारली की सगळं गाव तेच धरून चालेल."

"मला हेच हवंय. पहिल्या दिवसापासून."

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. मग टोपी डोक्यावर ठेवली. "मग चला."

त्यानं होडी पडवीकडे वल्हवली. पडवीच्या छपराखाली पाणी गढूळ आणि अगदी शांत होतं. त्यानं भिंतीच्या कडीला दोर अडकवला आणि मला छिन्नी-हातोडी दिली. वरच्या आळीच्या पायऱ्यांवर लोक उभे होते, जेनीन, पाववाला, आमचे शेजारी. त्यांच्यात पद्मजा वही घेऊन. मी गार पडलेल्या बोटांनी छिन्नी पाण्याच्या काठाशी टेकवली आणि पाच-सहा घाव घातले. वीतभर वाकडी रेघ उमटली. मी वर बघितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जेनीननं शेजारणीच्या कानात काही तरी सांगितलं आणि तोंड फिरवलं. जळतायत, असं मला वाटलं. आणि त्यानं मला बरंच वाटलं. पद्मजा मात्र लहान मुलीसारखा हात हलवत होती.

"मला जायला भीती आणि तू गेलीस होय!" घरी आल्यावर ती कौतुकानं म्हणाली. "धीट आहेस हां आक्का. मी चित्र काढलंय तुझं." चित्र मी बघितलं नाही.

पाणी उतरलं. रविवारी दुपारी शाळेच्या दालनात गावजेवण होतं. पूर ओसरला की असतंच म्हणे. लांब टेबलं मांडलेली, चिखलाचा वास अजून भिंतींना. आम्ही गेलो तर दारातच जेनीननं मला हाताला धरून थेट मुख्य टेबलाच्या मधल्या खुर्चीवर नेऊन बसवलं. पांढरं टेबलकापड फक्त माझ्यासमोर. ह्यांना पाववाल्याशेजारी बाकावर जागा मिळाली. पद्मजाच्या कमरेला कुणी तरी ॲप्रन बांधला आणि तिला आत स्वयंपाकघरात नेलं. कांदे चिरायला, मी मनात म्हटलं. चित्रकार बाई. मी पाठ ताठ करून बसले. माझा असा मान आजवर कुठंच झाला नव्हता.

लुसियाँ उठला. तो बोलतो हे मला माहीत होतं, पण इतकं बोलू शकतो हे नव्हतं.

"जुन्या लोकांनी केलं तसंच मी सांगतो," तो म्हणाला. "खालच्या आळीला वाटायचं, रेघ वर लागावी, म्हणजे घाट उंच करून मिळेल. वरच्या आळीच्या गिरणीवाल्यांना वाटायचं, रेघ खाली लागावी, म्हणजे त्यांचा बांध पाडायला कुणी येणार नाही. या गावात रेघेवरून डोकी फुटली. शेवटी ठरलं की रेघ गावच्या माणसानं मारायचीच नाही. त्या दिवशी गावात जो परका असेल त्यानं मारायची. ज्याचं इथं काही बुडत नाही, तो खोटी रेघ मारणार नाही. पेरो भांड्यांना कल्हई लावत आला होता. दूशेन घोडे घेऊन चालला होता. एक जण सैन्यातून पळालेला होता, त्याचं खरं नाव आम्ही कधी कुणाला सांगितलं नाही. अकराही जण वाटसरू. दुसऱ्या दिवशी निघून गेले. गावानं त्यांचा आदर केला." त्यानं पेला माझ्याकडे उचलला. "आणि या वर्षीच्या आपल्या पाहुण्या, मादाम चौगुले."

सगळ्यांनी पेले उचलले. मीही उचलला. थोडं टेबलकापडावर सांडलं. 'निर्वंश झाली असावीत' असं मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं.

तो माझ्या शेजारी बसला. मी हळू आवाजात म्हटलं, "मस्यो मारो, मी इथं राहते."

"म्हणून तर मी तुमच्याकडे आलो नव्हतो. तुमच्याकडच्या पाहुणीकडे आलो होतो."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्हाला माहीत आहे असंच मी धरलं. चार वर्षं लिहिताय ना." तो पावाचा तुकडा मोडत होता, खात नव्हता. "तळघरात पाणी शिरतं तो माणूस परका कसा असेल? मी तुम्हाला दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, हक्क आहे. पहिल्या दिवसापासून हेच हवंय. मला वाटलं, तुम्ही आम्हाला कळवताय. की तुम्ही इथल्या नाही, आणि तुम्हाला व्हायचंही नाही. जेनीनला फार वाईट वाटलं. पण असा एखाद्याचा निर्णय असतो. त्याचाही आदर करायचा असतो."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. ती नाही म्हणाली नव्हती, मी खोटं बोलले. फ्रेंचमध्ये ते फार सोपं आहे, पहिल्या वर्षीच्या पुस्तकातलेच शब्द. समोर तीनशे माणसं चमचे हातात घेऊन बसली होती. स्वयंपाकघरातून पद्मजाचं हसणं ऐकू येत होतं. ते वाक्य बोलले तर तिला कळणार होतं, ह्यांना कळणार होतं, गावाला कळणार होतं की आपल्या भिंतीवरची बारावी रेघ कशी लागली. मी तोंड उघडलं आणि पाणी प्यायले.

मग काही सुचेना म्हणून मी उठले. समोरच्या रिकाम्या थाळ्या उचलून वाटायला लागले, निदान एवढं तरी. जेनीन धावत आली. तिनं थाळ्या माझ्या हातातून काढून घेतल्या, दोन्ही खांद्यांना धरून मला परत खुर्चीत बसवलं. रागानं नव्हे, अगदी मायेनं.

"नाही, मादाम. तुम्ही बसायचं."

तेवढ्यात पद्मजा सुपाचं मोठं भांडं घेऊन आली. तोंड वाफेनं घामेजलेलं, केसांत कांद्याचं साल. तिनं पहिला डाव माझ्या ताटलीत वाढला.

"मांस नाही घातलेलं, काळजी करू नको. आपल्यासाठी वेगळं केलंय त्यांनी, नेहमी करतात म्हणे."

"तू बस की माझ्याजवळ," मी म्हटलं.

"छे ग, मी कशी बसू?" ती हसत म्हणाली. "जेनीननं हातानंच सांगितलं मला. आधी पाहुण्यांनी जेवायचं. आपण घरचे मागनं."

ती भांडं घेऊन पुढं गेली. कुणीच जेवायला सुरुवात करत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, मी पहिला घास घ्यायची वाट बघत.